आधी उताऱ्याचे म्हणणे शोधावे, मग सारांश लिहावा

दहावीच्या सारांशलेखनाच्या वह्या तपासताना एक चूक हमखास आढळते: विद्यार्थी उताऱ्याचा विषय शोधतो आणि त्यालाच मध्यवर्ती कल्पना समजतो. ‘सोलापुरी चादर’ हा विषय झाला; ‘सोलापुरी चादरीची नक्षी छापलेली नसून विणलेली असते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते’ हे म्हणणे झाले. विषय दोन शब्दांत संपतो, म्हणणे मात्र पूर्ण वाक्याशिवाय मांडता येत नाही. त्यामुळे आपण लिहिलेल्या मध्यवर्ती कल्पनेत क्रियापद नसेल, तर शोध अर्धवट राहिला आहे असे खुशाल समजावे.

पुढील उतारा पाहावा.

“५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. ती बातमी येताच सोलापुरातील गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. लोकांचा क्षोभ इतका वाढला की काही दिवस शहरात सरकारी अंमल उरला नाही आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी व्यवस्था सांभाळली. सरकारने मार्शल लॉ पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.”

पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करावे, कारण पहिल्याच वाचनात अधोरेखन सुरू केले की सगळाच उतारा महत्त्वाचा वाटू लागतो. दुसऱ्या वाचनात प्रत्येक वाक्य बोटाने झाकावे आणि उरलेल्या उताऱ्याचा अर्थ लागतो का, ते पाहावे. गोळीबाराचे वाक्य झाकले तरी घटनाक्रम समजतो. ‘सरकारी अंमल उरला नाही’ हे वाक्य झाकले, तर मात्र मार्शल लॉ कशासाठी आणि फाशी कशामुळे, याचे उत्तरच नाहीसे होते. सगळा उतारा ज्या वाक्यावर उभा आहे ते हेच. ते ना सुरुवातीला आहे ना शेवटी. म्हणूनच ‘पहिले वाक्य उचलावे’ या प्रचलित सल्ल्यावर मी मुलांना विसंबू देत नाही.

आता सारांश असा होईल: “१९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूरकरांनी काही दिवस शहराचा कारभार हाती घेतला; सरकारने मार्शल लॉ लावून तो मोडून काढला आणि पुढे चौघांना फाशी दिली.” मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश ही मर्यादा येथे जवळजवळ पाळली जाते. चौघांची नावे गाळताना सोलापूरच्या मुलांचा हात अडखळतो, आणि ते मला योग्यच वाटते. तरीही या उताऱ्याचे म्हणणे शहराने काय केले आणि त्याची कोणती किंमत मोजली, हे आहे. उतारा त्या चौघांच्या जीवनावर असता, तर नावे राखून तारखा गाळाव्या लागल्या असत्या. काय गाळायचे, हे प्रत्येक वेळी म्हणण्यावरूनच ठरते.

‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही सूचना मुलांना सर्वांत कठीण जाते, कारण उतारा समोर उघडा असताना त्यातीलच शब्द लेखणीतून उतरतात. घरोघरी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या आपल्या सोलापुरात यावर एक सोपा उपाय आहे. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातील एका विद्यार्थिनीचा सारांश म्हणजे मूळ वाक्यांची कापाकापी असे. तिला पुस्तक मिटून तोच उतारा घरच्यासारखा तेलुगूत सांगायला लावले. शेजारची मैत्रीण ऐकत होती. चार वाक्यांत सांगून झाले, आणि तीच चार वाक्ये तिने मराठीत उतरवली, तेव्हा उसना घेतलेला एकही शब्दप्रयोग त्यांत नव्हता. घरी कन्नड, उर्दू किंवा बोली मराठी असणाऱ्यांनाही हे असेच जमते. भाषा बदलली की नक्कल करता येत नाही, समजलेले तेवढेच सांगता येते.

सारांशात स्वतःचे मत घालू नये, दाखले व अलंकार वगळावेत आणि शीर्षक विषयावरून न देता म्हणण्यावरून द्यावे: ‘१९३० चे सोलापूर’ यापेक्षा ‘सोलापूरकरांनी हाती घेतलेला कारभार’ अधिक नेमके आहे. शेवटी, उतारा न वाचलेल्या व्यक्तीला सारांश वाचून दाखवावा आणि काय समजले ते विचारावे. तिने ‘पण त्यांना फाशी का दिली?’ असे विचारले, तर कारण सांगणारे वाक्य आपल्याकडून गळाले आहे. उताऱ्याकडे परत जाऊन ते आणावे.