घरात मांजरं असताना नवं पिल्लू आणताय? दुसरी टेस्ट विसरू नका

पिल्लू पार्किंगमधून उचलण्याआधी हे वाचा. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एका गाडीच्या बॉनेटखालून दीड महिन्याचं पिल्लू निघालं. घरी राणी आणि बंडू होतेच. दुसऱ्या दिवशी ल्युकेमियाची, म्हणजे मांजरांमध्ये एकमेकांना होणाऱ्या फेलाइन ल्युकेमिया विषाणूची टेस्ट केली, निगेटिव्ह आली, आठवड्याभरात तिघं एकत्र. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्याभरानं परत घेऊन या. पिल्लू खातंय, पडद्यावर चढतंय, मग कशाला न्यायचं, म्हणून मी गेले नाही. ऑक्टोबरात ते मरगळलं. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. पुन्हा टेस्ट केली तर पॉझिटिव्ह. मग राणीची केली. तीही पॉझिटिव्ह. दिवाळीला पिल्लू नव्हतं.

म्हणून तयारी.

खोली. एक खोली पूर्ण बंद ठेवता यायला हवी. टू बीएचकेमध्ये जमतं, वन आरकेमध्ये जमणार नसेल तर पिल्लू दुसऱ्या कुणाकडे ठेवा, पण ‘बघू कसं होतंय’ म्हणून आणू नका. बाथरूम चालेल, कोरडी असेल तर. दाराखालची फट टॉवेलनं बुजवा. कामाच्या मावशींना नीट समजावून सांगा की हे दार उघडं राहता कामा नये. आमच्याकडे ते एकदा उघडं राहिलंच होतं.

वाट्या, लिटर ट्रे, अंथरूण वेगळं. हा विषाणू मुख्यतः लाळेतून जातो. मांजरं एकमेकांना चाटतात, एका वाटीत खातात, भांडताना चावतात, त्यातून. लघवी, शी आणि आईच्या दुधातूनही जातो आणि पोटातल्या पिल्लांनाही होतो. राणी त्या पिल्लाला मांडीखाली दाबून त्याचं डोकं ओलंचिंब होईपर्यंत चाटायची. मला ते किती छान वाटायचं. फोटो काढलेत मी त्याचे.

साफसफाईचा धसका घेऊ नका. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही, कोरड्या जागेवर काही तासांत संपतो, साध्या साबणानंही मरतो. वाट्या भांड्यांच्या साबणानं घासा, पिल्लाला हाताळल्यावर हात धुवा, झालं. फिनेल मात्र वापरू नका, मांजरांना ते विषारी आहे. माणसांना किंवा कुत्र्यांना हा आजार होत नाही. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी वाद.

आता टेस्ट. थेंबभर रक्तावर होते, रिपोर्ट काही मिनिटांत. ती रक्तातलं विषाणूचं प्रथिन शोधते, त्यामुळे पिल्लू कितीही लहान असलं तरी करता येते. पण लागण नुकतीच झाली असेल तर ते प्रथिन रक्तात दिसायला काही आठवडे लागतात. म्हणजे पहिली निगेटिव्ह फक्त एवढंच सांगते की आज दिसलं नाही. म्हणून दुसरी टेस्ट. मोजायला सुरुवात त्या दिवसापासून करा, ज्या दिवशी पिल्लू बाहेरच्या मांजरांपासून तुटलं. किमान 30 दिवस, मी आता 60 धरते. 1 जुलैला आणलंत तर 30 ऑगस्टच्या आत दार उघडायचं नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा, फोनवर अलार्म लावा, डॉक्टरांची वेळ आजच घेऊन ठेवा. पिल्लू गुटगुटीत दिसतंय, हे कारण चालणार नाही. माझंही दिसत होतं.

घरातल्या जुन्या मांजरांचीही टेस्ट करा, पिल्लू यायच्या आधी. त्यांना आधीच असेल तर नव्या पिल्लाला धोका जास्त, कारण लहान पिल्लं सगळ्यात लवकर बळी पडतात, वाढलेल्या मांजरांची प्रतिकारशक्ती त्या मानानं बरी असते. बरी, म्हणजे पक्की नाही. राणी चार वर्षांची होती. एकाच आईची तीन पिल्लं आणलीत तर तिघांची वेगवेगळी टेस्ट करा, एकाची करून बाकीच्यांची गृहीत धरू नका. आणि तिघांचीही दुसरी टेस्ट.

पॉझिटिव्ह आली तर लगेच हाय खाऊ नका. पुन्हा टेस्ट करून, शक्य असेल तर पीसीआरनं, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या टेस्टनं, खात्री करून घ्या. काही मांजरांचं शरीर विषाणूला दाबून टाकतं. ज्यांचं दाबत नाही त्यांना अ‍ॅनिमिया, लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर), सतत इन्फेक्शन होऊ शकतं, तरी घरात सांभाळलं तर काही वर्षं नीट जगतात. राणी जगते आहे, आतल्या खोलीत, एकटी. बंडू दाराबाहेर बसून ओरडतो.

लस: नेहमीची तीन रोगांची दिली म्हणजे ल्युकेमियाची झाली असं नाही, ती वेगळी असते. मिळते का ते डॉक्टरांना विचारा. पॉझिटिव्ह मांजराला तिचा उपयोग नाही. नसबंदी वेळेवर करा, भांडणं आणि चावे कमी होतात. बाल्कनीला जाळी.

दुसरी टेस्ट निगेटिव्ह आली की मग हळूहळू एकत्र सोडा, आधी वास, मग फटीतून, मग समोरासमोर. आणि मावशी सुट्टीवर असतील तर बदलीच्या बाईंनाही दाराचं सांगा.