माती तपासायचं काटेवालं यंत्र: किती विश्वास ठेवायचा?

परसबागेसाठी मिळणाऱ्या बिनबॅटरीच्या यंत्रात दोन वेगळ्या धातूंच्या सळया असतात. ओल्या मातीत त्यांच्यात बारीक वीज तयार होते, काटा ओल म्हणून तीच दाखवतो. खात्री करायची तर इन्व्हर्टरच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सळया बुडवा, मग त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पाहा. पाणी तेवढंच, काटा मात्र उडी मारतो. म्हणून क्षारयुक्त रासायनिक खत टाकलेल्या वाफ्यात तो जास्त ओल दाखवतो. आपल्या काळ्या मातीत भेग पडली की सळईभोवती हवा राहते आणि ओल असूनही काटा ‘कोरडं’ म्हणतो. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात बोटभर खोलची माती मुठीत दाबून पाहणं त्यापेक्षा बरं.

त्यावरचा सामूचा (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे त्याचा) आकडा सोडूनच द्या. सामू हवाच असेल तर पेनसारखा मीटर घ्या. आधी ६.८६ आणि ९.१८ च्या बफर द्रावणात (ज्याचा सामू ठरलेला असतो) तो जुळवा, कारण काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. २० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धा तास अधूनमधून ढवळा, मग मोजा. टोक कोरडं ठेवलं तर मीटर बिघडतो.

नत्र-स्फुरद-पालाश दाखवणारी स्वस्त यंत्रं घेऊच नका. अर्धा किलो माती कृषी विज्ञान केंद्रात द्या.