मीटरचा दिवा आणि फ्रिजचं रबर

बिल फुगत चाललं, तसा मी आधी एसीवर संशय घेतला. उगाच. एका रात्री दिवे, पंखे, टीव्ही सगळं बंद केलं, तरी मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. मग एकेक प्लग काढत गेलो. फ्रिजचा काढला आणि दिवा थंडावला. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढला, तर अलगद सुटून आला. खालच्या कोपऱ्यातलं रबर कडक होऊन वाकडं झालं होतं. गार हवा बाहेर, कॉम्प्रेसर अखंड चालू. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून पाहिलं, भागलं नाही. शेवटी नवं रबर बसवलं. आता कॉम्प्रेसर मध्येमध्ये गप्प बसतो. गीझर २००० वॅटचा, म्हणजे अर्ध्या तासाला १ युनिट. तो आंघोळीआधी १० मिनिटंच लावतो. त्यावरून घरात अजून कुरबुर चालू आहे.