पाहुणे आले की आधी एसटी

सोलापुरात पाहुणे उतरले की लगेच गाडी ठरवू नका. तुळजापूर 45 किलोमीटरवर, अक्कलकोट त्याहून जवळ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना फुकट. त्यांचं आधार कार्ड तेवढं आठवणीनं घ्या, नाहीतर कंडक्टरशी हुज्जत ठरलेली.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी दह्यात कालवायची, भाकरीचा तुकडा मोडून त्यात बुडवायचा, जरा मऊ पडू द्यायचा. हॉटेलचं नाव कुणी काढत नाही. भाकरी चांगली टिकते, म्हणून जास्तीच आणा.

उन्हं कलली की भुईकोट किल्ला, शेजारीच सिद्धेश्वर तलाव. चादरीच्या दुकानात मात्र सोबत जा. भाव तुम्ही करा, पैसे पाहुण्यांना देऊ द्या!