अपघाताचा दावा करायचाय? पिशवी पहिल्या दिवसापासून भरा

आमच्या आप्पांना लिंब फाट्याजवळ कारने उडवलं. दवाखान्यातले अठरा दिवस मी औषधांच्या पावत्या एका पिशवीत कोंबत राहिले. चार महिन्यांनी वकिलांसमोर पिशवी रिकामी केली, तर निम्म्या पावत्या कोऱ्या. मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडून गेली होती. मेडिकलवाल्याने दुसरी बिलं काढून दिली म्हणून निभावलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितेय. पावती हातात आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ पावतीला टाचा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीशिवायच्या औषधावर हमखास बोट ठेवलं जातं.

पण पावत्यांच्याही आधी केसपेपर बघा. जखमीला आणणारा माणूस घाबरलेला असतो, 'पडलेत' एवढंच बोलतो आणि तेच लिहिलं जातं. पुढे धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीचे वकील नेमका तोच शब्द न्यायाधीशांना वाचून दाखवतात. त्यामुळे गाडीने धडक दिली असं स्पष्ट सांगा, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद, झाली का विचारा, नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा. केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत नेमलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत उपचार मिळतात. त्याचीही तिथेच चौकशी करा.

पोलिसांकडून एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा घ्या. समोरच्या गाडीचं आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स यांच्या प्रतीही मागा. अपघाताच्या तारखेला विमा चालू होता का, हे आधी तपासा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळण्याची वेगळी तरतूद आहे. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात विचारा.

मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं त्या कंपनीकडे जातात, म्हणून आधी शिक्का मारलेल्या प्रती घेऊन ठेवा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून दावा सोडू नका. ती रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये सांगितलंय.

उत्पन्नाचा पुरावा आपल्याकडे सगळ्यात कच्चा असतो. नोकरदाराला पगारपत्रक आणि बिनपगारी रजेचा दाखला पुरतो. शेतकऱ्याने सातबारा, कारखान्याची उसाची बिलं, डेअरीचं दूध-पुस्तक आणि बँकेचं पासबुक काढावं. आप्पांच्या दूध-पुस्तकात अपघाताच्या पंधरवड्यापासून लिटर निम्म्यावर आलेले दिसत होते. धारा काढणारे हातच खाटेवर होते, हे त्या एका पानावरून कुणालाही कळलं असतं. ड्रेसिंगला कोरेगावहून साताऱ्याला केलेल्या गाडीच्या भाड्याची सहीची पावती घ्या. सोबत राहिलेल्या माणसाचा बुडालेला रोजही लिहून ठेवा.

अपंगत्वाचा दाखला सिव्हिलमधून घ्यायचा, पण नुसत्या टक्क्यांवर थांबू नका. त्या अपंगत्वाने माणसाची कमाई किती घटली हे बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात बजावलंय. पाय आखडलेला कारकून खुर्चीत बसून काम करेल, ट्रकचालक काय करणार? म्हणून पूर्वी कोणतं काम करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे दाखल्याबरोबर मांडा. ऑपरेशन केलेले डॉक्टर साक्षीला येतील का, तेही लवकर विचारा.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, तोही अपघातापासून ६ महिन्यांच्या आत. अपघात खोपोलीला झाला आणि तुम्ही राहता साताऱ्यात, तरी साताऱ्यात दाखल करता येतो. मधल्या काळात कुणी वीस हजार हातावर ठेवून स्टॅम्पपेपर पुढे करेल. वकिलांना दाखवल्याशिवाय सही करायची नाही, पाहुण्यारावळ्यांनी मध्यस्थी केली तरी नाही.

आप्पांच्या मांडीतला रॉड अजून काढायचाय. त्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी लिहून घेतला आणि दाव्याला जोडला. तुमच्याही माणसाच्या अंगात प्लेट किंवा रॉड असेल, तर डिस्चार्जच्या दिवशीच तो कागद मागून घ्या.