डिसेक्शननंतरचं जगणं: संशोधनात रुग्णांना सोबत घेताना या चुका टाळा

हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, म्हणजे महाधमनीचा, आतला थर फाटतो आणि रक्त भिंतीच्या थरांत घुसतं. डॉक्टर याला एओर्टिक डिसेक्शन म्हणतात. ऑपरेशननं किंवा नुसत्या औषधांवर वाचलेला माणूस मालवणला, देवगडला घरी परततो तेव्हा त्याचे प्रश्न निराळेच असतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढू का? आंब्याची पेटी उचलू का? बीपीच्या गोळीनं दिवसभर अंग गळून जातं, ते कायमचंच का? मुलांनाही तपासायचं का?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संशोधनाची प्रश्नावली छापून झाल्यावर या माणसांना बोलावणं. मग त्यांना मान हलवण्यापलीकडे काम उरत नाही. संमतिपत्रावर सही घेतली की सहभाग झाला, हाही गैरसमजच. सही करणाऱ्यावर अभ्यास होतो. काय अभ्यासायचं हे ठरवायला त्याला आधी बोलवावं लागतं. महाधमनीची रुंदी मोजायलाच हवी, पण साध्या खोकल्यानं छातीत धस्स होतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

ब्रिटनमधली जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे अग्रक्रम ठरवते. आधी सगळे प्रश्न गोळा करायचे, उत्तर ठाऊक असलेले वेगळे काढायचे, उरलेल्यांतून दहा निवडायचे. मुलांच्या प्रश्नाला उत्तर आहे: आईवडील, भावंडं, मुलं यांची महाधमनी तपासून घ्यावी. ते तिथल्या तिथे सांगून टाका. रापणीच्या प्रश्नाला पक्कं उत्तर नाही, म्हणून तो यादीत हवाच.

बैठकीत सगळे गप्प बसले तर? समोर डॉक्टर असले की 'तुम्ही सांगाल ते' एवढंच ऐकू येतं. पहिली बैठक डॉक्टरांविना, मालवणीत घ्या. रुग्णाच्या बायकोशी स्वतंत्र बोला. गोळ्यांच्या वेळा बहुतेकदा तीच सांभाळते आणि रात्रीची भीतीही तिलाच ठाऊक असते.

तारीखही विचारून ठरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी, त्यामुळे खलाशी घरी भेटतात. पण जुलैत शेतकरी लावणीत असतो, एप्रिल-मेमध्ये बागायतदार आंब्यात. दोन बैठका घ्या, त्याही तालुक्याच्या गावी. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी बजेटमध्ये आधीच धरा.

आणि एखाद्याचा प्रश्न निवडला गेला नाही, तर त्याला फोन करा आणि कारण सांगा.