निकालाचं शेवटचं पान आधी वाचा

बांधाच्या भांडणात माझ्या धाकट्या भावाला तालुक्याच्या कोर्टानं शिक्षा सुनावली, तेव्हा आम्हा घरच्यांना एवढंच कळलं की त्याला आत नेलं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ (घातक हत्यारानं दुखापत) खाली एक वर्ष, ५०४ (भांडण पेटावं म्हणून मुद्दाम अपमान) खाली सहा महिने. त्याआधी तो ९७ दिवस कोठडीत काढून जामिनावर सुटलेला होता. ते ९७ दिवस निकालात नव्हते, तुरुंगात पाठवायच्या वॉरंटवरही नव्हते. दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ, तेही लिहिलेलं नव्हतं. जुन्या कायद्यात, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, असं मोघम सोडलं की एकीनंतर दुसरी धरतात. तुरुंगात सरळ दीड वर्ष मोजलं. तेव्हापासून गावातलं कुणी निकाल घेऊन आलं की मी पेन्सिल घेऊनच बसते.

कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला लगेच, फुकट मिळते. ती मागून घ्या. शेवटच्या पानावर आदेश असतो. त्यातलं प्रत्येक कलम, शिक्षा आणि दंड वहीत उतरवा आणि वॉरंटशी ताडून बघा. अटकेपासून जामिनापर्यंतचे दिवस स्वतः मोजा. शिक्षेतून या दिवसांची वजावट, कोर्टात तिला सेट-ऑफ म्हणतात, कायद्यानंच मिळते: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८. फक्त दंड न भरल्याच्या कैदेतून ती मिळत नाही. दिवस लिहायचे नुसते राहून गेले असतील तर त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज द्या, त्यासाठी अपिलाची वाट बघू नका.

दंडाची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. कलमाला कैद आणि दंड दोन्ही असतील, तर दंड न भरल्याची कैद त्या कलमाच्या कमाल कैदेच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त देता येत नाही. जुन्या ३२४ ला कमाल ३ वर्षं, म्हणजे ९ महिने. तिथं एक वर्ष लिहिलेलं दिसलं तर ती चूक आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना एका गुन्ह्यासाठी ३ वर्षांवर कैद देता येत नाही, हेही बघा.

गुन्हा कबूल केला म्हणून सगळं संपलं, असं समजू नका. शिक्षा जास्त आहे किंवा कायद्यात बसत नाही, एवढ्यापुरतं अपील तरीही करता येतं. ‘अपील केलं तर शिक्षा वाढंल’ या भीतीनं आमच्याकडं कितीतरी माणसं गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. आरोपीच्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं किंवा उच्च न्यायालयाला नोटीस काढून तुमचं ऐकून घ्यावं लागतं.

मुदत: न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात, म्हणजे आमच्या भागासाठी संभाजीनगरच्या खंडपीठात, ६० दिवस. फाशीच्या शिक्षेत ३० च. नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळतात. उशीर झालाच तर कारण लिहून माफीचा अर्ज जोडा.

माणूस जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर निकालाच्या दिवशीच त्याच कोर्टात अर्ज करा. अपील दाखल करता येईल इतके दिवस जामीन मिळतो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आई कोर्टाच्या पायरीवर बसून राहिली आणि भाऊ गाडीत चढला.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि अपिलाचा अर्ज तो तुरुंग अधिकाऱ्याच्या हातीही देऊ शकतो. भावानं तेच केलं. मिळालेल्या वकीलताईंनी लवकर सुनावणी मागितली. शिक्षा एकत्र झाल्या, ९७ दिवस वजा झाले, राहिले २६८.

आदेश आला की घरी थांबू नका. सही-शिक्क्याची नक्कल तुरुंगात पोचली का, नवी सुटकेची तारीख नोंदवली का, हे स्वतः विचारा. मी ती तारीख वहीत लिहून घेतली, आणि त्या दिवशी पहाटेच्या पहिल्या यष्टीनं आई आणि मी निघालो.